विमानतळाला नाव बाबासाहेबांचे. ओझे उचलणाऱ्याच्या हक्काचे काय?

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला २००५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव मिळाले. त्या नावाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. नावासाठी लढणे म्हणजे काय असते हे आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत आपण सोळा वर्षे झुंजलो, घरेदारे जळाली, माणसे गेली. परंतु नाव लागले म्हणजे काम संपले असे नाही. ज्या इमारतीवर बाबासाहेबांचे नाव झळकते, तिच्या काचेच्या दारामागे कोण काम करतो, कोणत्या अटीवर करतो, त्याची नोकरी किती दिवसांची आहे आणि त्याच्या भरतीत बाबासाहेबांनी मिळवून दिलेले आरक्षण आहे की नाही, हे प्रश्न विचारणे हीच नावाची खरी राखण आहे. हे प्रश्न आज नागपूरलाच लागू नाहीत. मुंबई, नवी मुंबई, पुणे, अमरावती, जिथे जिथे धावपट्टी आहे तिथे तिथे ते लागू आहेत.

हे प्रश्न केनवडला का विचारायचे, असे कोणी म्हणेल. केनवड हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले, मालेगाव-मेहकर रस्त्यावरचे गाव. येथून बाबासाहेबांच्या नावाचा नागपूर विमानतळ सुमारे अडीचशे किलोमीटर, तर मुंबईचा त्याच्या दुप्पट अंतरावर. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि वीस वर्षांनी, २०१८ साली, नीती आयोगाने त्याची गणना देशातल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत केली. मागास म्हणायला सरकारला लाज वाटते म्हणून 'आकांक्षित' हा गोड शब्द आला, एवढेच. जिल्ह्यात मोठा कारखाना नाही. शेत आहे ते सोयाबीन आणि तुरीचे, तेही पावसाच्या भरवशावर. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी भावाने माल घालावा लागला. ज्याला शेतच नाही, जो दुसऱ्याच्या धुऱ्यावर मजुरीला जातो, त्याच्या पोराने दहावी-बारावी करून जायचे कुठे? समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा पहिला टप्पा आणि जून २०२५ मध्ये तो संपूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. नागपूर-मुंबई जवळ आली. पण ती ज्याच्याजवळ गाडी आहे त्याच्यासाठी जवळ आली. केनवडच्या पोरासाठी रोजगार जितका लांब होता तितकाच लांब आहे.

तो किती लांब आहे हे जुलै २०२४ मध्ये अवघ्या देशाने पाहिले. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या कंपनीने मुंबई विमानतळासाठी थेट मुलाखतीची जाहिरात काढली. ही कंपनी पूर्वी एअर इंडियाची उपकंपनी होती. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, परंतु जमिनीवरची सेवा देणारी ही कंपनी केंद्र सरकारकडेच राहिली. जाहिरातीत हॅण्डीमॅनची पदे होती. पात्रता दहावी पास, इंग्रजी वाचता आणि समजता येणे, पगार महिना २२,५३० रुपये, मुदत तीन वर्षे. जागा साधारण दोन हजारांच्या आसपास आणि कलिना भागात जमलेले उमेदवार पंचवीस हजारांच्या घरात, असे त्यावेळी वृत्तपत्रांनी छापले. चेंगराचेंगरी होते की काय अशी वेळ आली. अन्न नाही, पाणी नाही, तासन् तास उभे राहिलेली पोरे. शेवटी 'अर्ज ठेवून निघून जा' असे सांगून त्यांना वाटेला लावले गेले. त्या गर्दीत बी.ए. होते, एम.कॉम. होते, आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून चारशे किलोमीटर प्रवास करून आलेले महाविद्यालयीन विद्यार्थीही होते. बुलढाण्याचे पोरगे तिथे होते म्हणजे वाशीमचे नसतील असे समजायचे कारण नाही.

दूरदर्शन वाहिन्यांनी ती गर्दी दोन दिवस दाखवली आणि विषय संपला. काहींनी नाके मुरडली, 'पदवी घेऊन हमाली करायला आले' म्हणून. आम्हाला या नाके मुरडणाऱ्यांना आधी उत्तर द्यायचे आहे.

विमान उतरल्यावर ते पुन्हा उडेपर्यंत जेमतेम पाऊण तास मिळतो. त्या वेळात चाकांना अडसर लावायचे, शिडी लावायची, पोटातले सामान उतरवायचे, पट्ट्यावर चढवायचे, दुसऱ्या गावाचे सामान ट्रॉल्यांवरून आणून वजनाच्या हिशेबाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या कप्प्यात रचायचे, आत झाडलोट करायची. सामान चुकीच्या कप्प्यात गेले तर विमानाचा तोल बिघडतो. विमानाच्या पोटातला कप्पा इतका बुटका असतो की माणसाला गुडघ्यावर बसून पेट्या ओढाव्या लागतात. हे उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर आणि पावसाळ्यात भर पावसात, दिवसपाळीला आणि रात्रपाळीला चालते. आजूबाजूला इंजिने चालू असतात. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर विमान मागे ढकलले जात असताना एअर इंडियाचा एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन मृत्युमुखी पडला. तेव्हा या कामाला बिनडोक हमाली म्हणणाऱ्याने एक रात्र धावपट्टीच्या कडेला उभे राहून पाहावे. वैमानिक विमान उडवतो हे खरे, पण ज्याच्या हाताने विमान उडण्याजोगे होते तो हाच माणूस.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ओझे उचलणे हे आपल्या समाजाला नवे नाही. मुंबई इलाख्यात महार वतनाच्या नावाखाली सरकारी अंमलदाराचे गाठोडे एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवणे हे 'कर्तव्य' होते. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे. मोबदला नाही, वेळेचे बंधन नाही, नकाराचा अधिकार नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते या वेठीविरुद्ध. त्यांनी ओझे उचलणाऱ्याला हीन म्हटले नाही. ओझे उचलायला लावून त्याला वेतन, वेळ आणि मान न देणारी व्यवस्था हीन म्हटली. हा फरक आपण विसरता कामा नये. कोणतेही काम हलके नसते, कामाच्या अटी हलक्या असतात. म्हणून केनवडचा पोरगा विमानतळावर हॅण्डीमॅन झाला तर त्याची लाज बाळगायचे कारण नाही. लाज वाटावी ती त्याला तीन वर्षांच्या चिठ्ठीवर राबवणाऱ्या धोरणाची.

आता त्या अटींकडे वळू. नोकरी कायम होती ती ठेक्यावर कशी आली, हा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे. केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ रोजी अधिसूचना काढून केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई आणि राखण ही कामे ठेकेदारामार्फत करून घ्यायला बंदी केली होती. १९७० च्या ठेका कामगार कायद्याखाली हे पाऊल होते. एअर इंडियाच्या सफाई कामगारांचा लढा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९६ साली न्यायालयाने सांगितले की ठेका पद्धत रद्द झाल्यावर त्या कामगारांना मूळ मालकाने आपल्या सेवेत सामावून घेतले पाहिजे. झाडू मारणाऱ्यांचा हा केवढा मोठा विजय होता! परंतु तो पाच वर्षेही टिकला नाही. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. ठेका बंद झाला म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द झाली. ठेकाच बनावट असल्याचे सिद्ध केले तर दाद मागता येईल एवढी एक फट उरली. ती फटही औद्योगिक न्यायाधिकरणाच्या दारात वर्षानुवर्षे उभे राहू शकेल त्याच्यासाठी.

याच काळात 'खाउजा' धोरण, म्हणजे खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण, विमानतळांच्या दारात येऊन उभे राहिले. २००६ साली दिल्ली आणि मुंबई हे दोन कमावते विमानतळ खाजगी कंपन्यांकडे सोपवण्यात आले. विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी त्या वर्षी फेब्रुवारीत देशभर संप केला. चार दिवसांत तो मिटला आणि खाजगीकरण झालेच. २०१९ मध्ये आणखी सहा विमानतळांच्या बोल्या एकाच उद्योगसमूहाने जिंकल्या, आणि जुलै २०२१ मध्ये मुंबईही त्याच अदानी समूहाकडे गेली. नागपूरचा विमानतळ खाजगी कंपनीकडे देण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जीएमआर कंपनीचा मार्ग मोकळा झाला. बाबासाहेबांच्या नावाचा विमानतळ खाजगी हातात जाताना आपल्यातल्या किती पुढाऱ्यांनी आवाज उठवला? नाव कायम राहणार म्हणून आपण निश्चिंत राहिलो. नाव कायम राहील. नोकरी आणि आरक्षण राहील का, हा प्रश्न आहे.

कारण आरक्षण हे राज्यघटनेच्या कलम १६(४) प्रमाणे सरकारी सेवेत आहे. विमानतळ प्राधिकरणाच्या भरतीत ते आहे. मुंबईच्या ज्या भरतीचा वर उल्लेख केला, त्या सरकारी कंपनीच्या जाहिरातीतही अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला वयाची पाच वर्षे सूट होती आणि अर्जाचे पाचशे रुपये शुल्क माफ होते. पण विमानतळ खाजगी कंपनीकडे गेला, तिने सामान हाताळण्याचे काम दुसऱ्या कंपनीला दिले, दुसरीने माणसे पुरवण्याचे काम तिसऱ्या ठेकेदाराला दिले की आरक्षण या उतरंडीत कुठे हरवले हे कोणालाच सांगता येत नाही. आरक्षण रद्द करण्यासाठी संविधान बदलावे लागत नाही. जागाच ठेकेदाराच्या खिशात घातल्या की आरक्षण कागदावर जिवंत आणि जमिनीवर मेलेले राहते. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४३ साली अस्पृश्यांसाठी केंद्रीय नोकऱ्यांत सव्वाआठ टक्क्यांहून थोडे अधिक आरक्षण मिळवले. तिथपासून आजपर्यंतची कमाई एका सह्या केलेल्या करारनाम्याने पुसली जाते आणि मनुवादी मंडळींना त्यासाठी एकही मोर्चा काढावा लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांचे गुणगान चालू आहे. त्यातले जे चांगले आहे ते आम्ही नाकारत नाही. ठराविक मुदतीच्या कामगाराला त्याच कामावरील कायम कामगाराइतकेच वेतन आणि सवलती द्याव्यात, आणि एक वर्ष भरले की त्याला ग्रॅच्युइटीचा हक्क मिळावा, ही तरतूद कामाची आहे. पण त्याच संहितांमध्ये दुसरे काय लिहिले आहे तेही वाचा. मुख्य कामात ठेका कामगार लावू नयेत असे तत्त्व सांगून लगेच कोणती कामे मुख्य धरायची नाहीत याची यादी दिली आहे. त्या यादीत सफाई आहे, राखण आहे, खानपान आहे आणि सामान चढवणे-उतरवणेही आहे! म्हणजे आपली माणसे पिढ्यान् पिढ्या जी कामे करत आली तीच नेमकी 'मुख्य नव्हेत' अशी ठरली. विमानतळावर सामान चढवणे-उतरवणे मुख्य नाही तर मग मुख्य काय, दुकानातला अत्तराचा गाळा?

तथापि या यादीलाच एक अट जोडलेली आहे आणि ती आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तरच ते काम मुख्य नव्हे. जी कंपनी विमानाचे सामान हाताळण्यासाठीच जन्माला आली, तिच्यासाठी सामान हाताळणे हे मुख्य काम नाही असे ती कोणत्या तोंडाने म्हणणार? अशा कंपनीने आणखी एका ठेकेदाराकडून माणसे भाड्याने आणली तर त्याला आव्हान देता येते. कायदा आपल्या विरोधात वाकवला जातो हे खरे, पण त्याच कायद्यातली आपल्या बाजूची ओळ वाचायची नाही हाही आळस आहे. बाबासाहेबांनी आपल्या हातात कायद्याचे पुस्तक दिले ते कपाळाला लावण्यासाठी नव्हे.

या नोकरीत आणखी एक दार आहे जे बाहेरून दिसत नाही. विमानतळाच्या आतल्या भागात जायला नागरी विमान सुरक्षा विभागाच्या नियमांप्रमाणे प्रवेशपास लागतो आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. सुरक्षेसाठी हे आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. पण आपल्या वस्तीतल्या पोरांवर गुन्हे कसे दाखल होतात हे आपल्याला ठाऊक आहे. पुतळ्याची विटंबना झाली, पोरे रस्त्यावर आली, की शंभरावर नावे. जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या घटनेनंतर राज्यभर जे आंदोलन झाले त्यात हजारो तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. २०२० साली राज्य सरकारने त्यातले शेकडो गुन्हे मागे घेतल्याचे जाहीर केले. जे उरले त्यांचे काय? तारखा चालू आहेत, आणि तारखा चालू असेपर्यंत पडताळणीच्या कागदावर शेरा येण्याची धास्ती आहे. दहावी पास, अंगात ताकद, इंग्रजी वाचता येते, मुलाखतीत निवडही झाली आणि पासाच्या खिडकीवर अडला, असे आपल्या पोराच्या वाट्याला येऊ नये. आंदोलनातील गुन्ह्यांचा निकाल लावणे हा केवळ भावनेचा नव्हे तर भाकरीचा प्रश्न आहे.

पास मिळाला तरी नोकरी टिकेलच असे नाही. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमाने जमिनीवर उभी होती. विमान थांबले की ज्याचा करार मुदतीचा, त्याची चूल आधी थंडावते. १५ मे २०२५ रोजी चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी सरकारने एका आदेशाने काढून घेतली. मुंबईसह नऊ विमानतळांवर तिचे काम होते आणि ते करणारे हजारो हात भारतीयांचे होते. देशाच्या सुरक्षेचा निर्णय सरकारने घ्यावा. पण संध्याकाळी कामावरून घरी गेलेल्या लोडरला सकाळी आपला मालक कोण हे ठाऊक नसावे ही कसली व्यवस्था? त्या कामगारांना दुसऱ्या कंपन्यांत सामावून घेण्याचे आश्वासन सरकारने दिले. जे संकटात करता येते ते नियम म्हणून का करता येत नाही? ठेका बदलला तरी कामगार बदलणार नाही, त्याची सेवा सलग धरली जाईल, एवढे एक कलम प्रत्येक करारात घातले तर कोणाचे विमान अडणार आहे?

जिथे गरज, तिथे लुटारू. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी आता 'एव्हिएशन'च्या नावाने शिकवणीची दुकाने निघाली आहेत. निळा गणवेश, टाय, भिंतीवर विमानाचे चित्र आणि शंभर टक्के नोकरीची हमी. बाप कर्ज काढून पैसे भरतो. हॅण्डीमॅनच्या पदाला दहावी पुरते, अशा कोणत्याही प्रमाणपत्राची अट नसते, हे त्याला कोणी सांगत नाही. भ्रमणध्वनीवर 'आपली निवड झाली आहे, अमुक रक्कम भरा' असे निरोप येतात ते तर उघड फसवणूक. नोकरी देणारा पैसे मागत नाही. पैसे मागतो तो नोकरी देत नाही, हे वाक्य प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावे.

मग मार्ग कोणता? मार्ग बाबासाहेबांनीच एकदा घालून दिला होता. १९४५ साली या देशात रोजगार विनिमय केंद्रांची, ज्यांना आपण सेवायोजन कार्यालये म्हणतो त्यांची, देशव्यापी यंत्रणा उभी राहिली तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती १९४६ साली झाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. सेवायोजन कार्यालयाचा अर्थ साधा होता. बेकाराने मालकाच्या फाटकावर झुंडीने उभे राहू नये, जिल्ह्यात नाव नोंदवावे आणि कामाने त्याच्यापर्यंत यावे. कलिन्याच्या फाटकावरची पंचवीस हजारांची गर्दी म्हणजे ही व्यवस्था मोडून काढल्याची जाहीर कबुली होती. थेट मुलाखत हा प्रकार कंपनीला सोयीचा. तिचा खर्च वाचतो, उमेदवाराचा होतो. वाशीमच्या पोराने एसटीचे भाडे, दोन दिवसांचे जेवण आणि बुडालेली मजुरी सोसून मुंबईला जायचे आणि अर्ज टाकून परत यायचे, ही भरती नव्हे, वेठ आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सरकारी कंपनीची भरती असेल तर तिच्या मुलाखती आणि शारीरिक चाचण्या अकोला, अमरावती, नांदेड अशा विभागीय ठिकाणी घ्याव्यात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमान सुरू झाले आहे. आपल्याच महसूल विभागातला हा विमानतळ असताना वाशीमच्या उमेदवाराने मुंबईचीच वाट का धरावी? जी कामे बारा महिने चोवीस तास चालतात ती तीन वर्षांच्या मुदतीवर नव्हे, कायम पदांवर भरावीत. विमानतळ ज्या जमिनीवर उभा आहे ती जनतेची आहे, तेव्हा करारनाम्यात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि विस्थापितांसाठी नोकरीचा वाटा लिहून घ्यावा. नवी मुंबई विमानतळात सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे आणि त्यासाठी दहा गावांनी आपली घरे दिली. हिस्सेदार सरकार असा आग्रह धरू शकत नसेल तर त्याचा हिस्सा कशासाठी?

बार्टीसाठीही एक काम आहे. याच भरतीत हॅण्डीमॅनच्या वरचे पद रॅम्प ड्रायव्हरचे होते. शिक्षण तेही दहावी, पण जड वाहनाचा परवाना हवा आणि पगार २४,९६० रुपये. म्हणजे दोन पदांमधले अंतर हे बुद्धीचे नाही, परवान्याचे आहे. जड वाहन शिकायला आणि परवाना काढायला लागणारा पैसा आपल्या पोराजवळ नसतो. बार्टीने दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून काही तरुण-तरुणींना हा परवाना मोफत काढून द्यावा, जोडीला तीन महिन्यांचे कामापुरते इंग्रजी शिकवावे. महाज्योती इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना वैमानिक बनवण्याची योजना राबवते, त्याचे आम्ही स्वागतच करतो. वैमानिक झालेच पाहिजेत. पण ज्याला आज संध्याकाळी घरी पीठ न्यायचे आहे त्याच्यासाठी चाकाचा परवानाही तितकाच मोलाचा.

यावर नेहमीचा आक्षेप येईल की खाजगी कंपनीवर आरक्षण लादले तर गुणवत्ता ढासळेल, विमानतळ ही काही जात पाहण्याची जागा नाही. गुणवत्तेचा हा पुळका ऐकून हसू येते. पेटी उचलायला कोणत्या पिढीजात गुणवत्तेची गरज असते? आणि जात पाहिली जात नाही म्हणता, तर एकदा मोजून दाखवा. विमानतळावर झाडू कोणाच्या हातात, ट्रॉली कोणाच्या हातात, संगणक कोणासमोर आणि वातानुकूलित खोलीत कोण, याची जातवार आकडेवारी कंपन्यांनी जाहीर करावी. आकडे आमच्या विरोधात गेले तर आम्ही गप्प बसू. पण ते जाहीर होत नाहीत यातच उत्तर आहे. दुसरा आक्षेप आपल्यातल्याच काही शिकलेल्या मंडळींचा असतो. 'आपल्या पोरांनी आयएएस व्हावे, लोडर का?' म्हणणे सोपे आहे. आयएएस जरूर व्हावे. पण दरवर्षी देशात होणाऱ्या काहीशे अधिकाऱ्यांकडे बोट दाखवून लाखो बेकारांच्या प्रश्नावर पडदा टाकणे हा आंबेडकरवाद नव्हे. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला तो अधिकाऱ्यांसाठी काढला नव्हता.

आता दोन शब्द त्या तरुणांसाठी, जे पुढच्या जाहिरातीची वाट पाहत आहेत. बंधूंनो आणि भगिनींनो, जातीचा दाखला, दहावीचे मूळ गुणपत्रक, रहिवासी दाखला एकाच पिशवीत ठेवा. नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच आहे का ते आजच पाहा, पासाच्या वेळी त्यावरूनच माणूस अडतो. नोकरी लागली की नियुक्तीपत्र लेखी मागा. त्यावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते वाचा. भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक घ्या आणि दर महिन्याला पैसे जमा होतात का ते तपासा. जादा तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. आणि संघटनेशिवाय राहू नका. एकटा लोडर करार संपला की घरी जातो, पाचशे लोडर एकत्र असतील तर करार घरी जातो. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे जयंतीच्या कमानीवर लिहायचे वाक्य नाही, ते पाळी सुरू होण्याआधी आठवायचे वाक्य आहे.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाला. हा विमानतळ रायगड जिल्ह्यात आहे. याच जिल्ह्यात, तेव्हा त्याला कुलाबा म्हणत, महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. जन्मावरून काम आणि कामावरून माणसाची किंमत ठरवणारे ते पुस्तक होते. अठ्ठ्याण्णव वर्षांनंतर त्याच तारखेला त्याच जिल्ह्यात विमाने उडू लागली. तिथे पेट्या चढवणाऱ्या हातांना कायम नोकरी, पुरते वेतन आणि भरतीत न्याय्य वाटा मिळाला तर म्हणता येईल की महाडची आग वाया गेली नाही. तो मिळाला नाही, तर जुन्या पोथीतले कलम नव्या करारनाम्यात उतरवून घेतले गेले असेच म्हणावे लागेल. कोणते खरे ठरेल हे विमानतळाचा मालक ठरवणार नाही. केनवडपासून कलिन्यापर्यंत पसरलेला, दहावी पास झालेला आणि जागा झालेला तरुण ते ठरवील.

जयभीम!